रस्त्याखालचं भोक फक्त मीटरवर मोजू नका: परवानगी देणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

महोदय, महोदया,

रस्ता न फोडता त्याखालून केबल आणि पाइप नेण्याच्या कामांना आपण परवानगी देता, त्यांच्या निविदा लिहिता आणि काम संपल्यावर मोजमाप पुस्तकात सही करता. आम्ही तेच काम करणारे लोक आहोत: मशीन चालवणारे, जमिनीखालचं ड्रिलचं टोक कुठे आहे ते दाखवणारा लोकेटर घेऊन वरून चालणारे, मड (भोकात सोडायचं मातीचं पातळ मिश्रण) कालवणारे. आमची मागणी एकच आहे. एचडीडीच्या (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग, म्हणजे दिशा देत आडवं भोक पाडण्याच्या) कामाचं बिल निव्वळ लांबीवर काढणं थांबवा. चाचणी खड्डे (आधीच्या वाहिन्या उघड्या करून पाहण्याचे), मड आणि रॉडनिहाय नोंद यांना निविदेत स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र दर द्या, आणि या गोष्टी झाल्याचा पुरावा नसेल तर बिल अडवा.

दर फक्त मीटरला असला की ज्यानं मीटर वाढत नाहीत ते सगळं कामातून गळतं. चाचणी खड्डा खणून लांबी वाढत नाही. भोक रुंद करणारा रीमर सावकाश ओढूनही वाढत नाही. कमी दराची निविदा भरणारा नेमक्या याच गोष्टी कापतो आणि जो नीट काम करतो तो महाग ठरतो. काम झाल्यावर दोन्ही रस्ते वरून सारखेच दिसतात. फरक पावसाळ्यानंतर दिसतो, तोवर बिल निघालेलं असतं.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच अटी हे भोक सरळ रेषेत जातं असं धरून लिहिलेल्या असतात. मशीन जमिनीत तिरकस रॉड घालतं. पुढच्या टोकाला तिरपं बिट आणि त्यामागच्या नळीत ट्रान्समीटर असतो. रॉड फिरवत ढकलला की डोकं सरळ जातं. फिरवणं थांबवून, बिटाची तिरपी बाजू घड्याळातल्या एखाद्या आकड्यावर धरून नुसतं ढकललं की डोकं तिकडे वळतं: १२ वर धरलं तर वर, ६ वर खाली, ३ वर उजवीकडे. हे पायलट भोक पलीकडे निघालं की बिट काढून रीमर लावायचा आणि तो मशीनकडे ओढत भोक रुंद करायचं. शेवटच्या फेरीत रीमरमागे स्विव्हेल (रीमर फिरला तरी पाइप फिरू न देणारा जोड) आणि त्यामागे पाइप.

पहिली चूक नकाशावरच होते. रॉड किती वाकतो याला मर्यादा आहे. लहान मशीनच्या ३ मीटरच्या रॉडची वळण-त्रिज्या ३३ मीटर धरली, तर एका रॉडमागे उतार फार तर ९ टक्क्यांनी बदलता येतो. २० टक्के उतारानं आत शिरून १.५ मीटर खोलीवर आडवं व्हायचं असेल, तर त्या वळणातच साडेसहा मीटर जातात आणि तेवढ्यात फक्त ६४ सेंटिमीटर खोली मिळते. उरलेल्या ८६ सेंटिमीटरसाठी वळणाआधी ४.३ मीटर सरळ उतरावं लागतं. म्हणजे रॉड जमिनीत शिरतो ती जागा रस्त्याच्या कडेपासून जवळजवळ ११ मीटर मागे हवी, आणि मशीनची लांबी त्याच्याही मागे. खोली २ मीटर हवी असेल तर १३ मीटरच्या वर. नकाशात मात्र खड्डा कडेपासून ३ मीटरवर दाखवतात आणि खाली अट असते: संपूर्ण रस्त्याखाली किमान खोली १.५ मीटर. ३ मीटरवरून २० टक्क्यांनी शिरलेलं डोकं रस्त्याच्या कडेला ६० सेंटिमीटरवरच असतं, आणि आधीच्या केबल नेमक्या त्याच खोलीत असतात. ही अट पाळायला चालक रॉड मर्यादेबाहेर वाकवतो. वाकलेल्या अवस्थेत फिरत राहिलेला रॉड थकतो आणि पुढच्या एखाद्या कामावर रस्त्याखाली तुटतो. जागाच नसेल तर खड्ड्यात उतरवायचं छोटं मशीन लागतं. तसं निविदेत लिहा. जागेची पाहणी न करता खोली ठरवू नका.

आता चाचणी खड्डे. जुने नकाशे, जमिनीत पाहणारा रडार आणि केबल लोकेटर हे तिन्ही उपयोगाचे आहेत, पण तिन्ही अंदाज सांगतात. केबल लोकेटरला धातू किंवा ट्रेसर तार (शोधता यावं म्हणून पाइपासोबत टाकलेली तार) लागते. पाण्याच्या प्लास्टिक पाइपासोबत तार टाकलेली नसेल तर त्याला काहीच ऐकू येत नाही. रडारची लहर ओल्या चिकणमातीत मीटरभरातच विरू शकते. नकाशावरची खोली तर ज्या दिवशी मोजली त्या दिवसाच्या रस्त्यापासूनची असते, आणि त्यानंतर डांबराचे दोन थर चढलेले असू शकतात. अमेरिकेतलं एएससीई ३८ हे मानक २००२ साली आलं आणि २०२२ मध्ये सुधारलं. ते भूमिगत वाहिन्यांच्या माहितीच्या चार पायऱ्या करतं, आणि सर्वांत वरची 'ए' पायरी वाहिनी प्रत्यक्ष उघडी करून मोजली तरच देतं. ब्रिटनच्या पास १२८ या तशाच दस्तऐवजातही उघडं करून केलेली पडताळणीच सर्वांत वर आहे.

म्हणून निविदेत स्पष्ट लिहा की बोअरला, म्हणजे आमच्या भोकाला, छेदणारी प्रत्येक ज्ञात वाहिनी हातानं किंवा व्हॅक्यूमनं खणून उघडी करावी, आणि खड्डा वाहिनीपाशी न थांबवता बोअर जिथून जाणार तिथवर खाली न्यावा. त्या खड्ड्यात एक माणूस लक्ष ठेवून असावा. पायलटच्या वेळी बिट जाताना दिसलं पाहिजे आणि नंतर रीमर जातानाही. हे दुसरं पाहणं बहुतेक ठिकाणी होतच नाही. कागदावर बोअरच्या मध्यापासून केबलपर्यंत ३०० मिलिमीटर अंतर असतं, पण ३५० चा रीमर मध्यापासून १७५ मिलिमीटर बाहेर येतो. उरले १२५. त्यात मऊ मातीत जड रीमर खाली बसतो आणि वळणावर आतली कड कापत येतो, म्हणजे पायलटच्या रेषेवरच राहतो असं नाही. अंतर नेहमी रीमरच्या कडेपासून मोजा.

ड्रिलच्या लोकेटरवर दिसणारा खोलीचा आकडाही नीट समजून घ्यावा अशी विनंती आहे. ट्रान्समीटरचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनानं कमी होत जातं आणि लोकेटर सिग्नलच्या जोरावरूनच खोली काढतो. काँक्रीटमधल्या सळयांच्या जाळीनं किंवा खारट पाण्यानं सिग्नल मंदावला तर आकडा जास्त खोली दाखवतो. डोकं खरं तर वर असतं, वरच्या केबलच्या अधिक जवळ. म्हणून कॅलिब्रेशन ट्रान्समीटर नळीत बसवूनच झालं पाहिजे, कारण नळीचं पोलादही सिग्नल खातं. नळी जमिनीवर आडवी, लोकेटर तिला समांतर, दोघांत ३ मीटर अंतर, आणि ते अंतर ताणलेल्या टेपनं मोजलेलं. पावलांनी मोजलेलं नको. ट्रान्समीटर बंद ठेवून लोकेटरसह पूर्ण मार्गावर एकदा चालावं, म्हणजे कुठे किती गोंगाट आहे ते कळतं आणि फ्रीक्वेन्सी निवडता येते. साइटवर आलात तर या दोन गोष्टी आपल्यासमोर करायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे.

सांडपाण्याच्या घरजोडण्यांबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण तिथला धोका त्या दिवशी कळतच नाही. मातीच्या किंवा प्लास्टिकच्या नळीतून बिट आरपार जातं आणि मशीनच्या दाबात फरकही जाणवत नाही. पाइप ओढला जातो आणि काम संपतं. पुढे कधीतरी ती जोडणी तुंबते, सफाई करणारा फिरतं अवजार आत घालतो आणि समोर गॅसचा पाइप असतो. १९७६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या केनोशा इथे हेच घडलं. गॅसचा प्लास्टिक पाइप सांडपाण्याच्या जोडणीतून गेलेला होता, सफाईच्या वेळी तो फुटला, स्फोटात घर उद्ध्वस्त झालं आणि दोन माणसं गेली. यावर उपाय माहीत आहे: बोअरच्या मार्गातल्या सर्व गटारजोडण्यांचं कॅमेऱ्यानं चित्रीकरण, एकदा कामाआधी आणि एकदा पाइप ओढल्यावर. दुसरं चित्रीकरण टाळलं तर पहिल्याचा उपयोग फारच कमी. याला स्वतंत्र दर द्या.

आणि ड्रिलिंगनं गॅसवाहिनी फुटलीच तर? इंजिन बंद करून माणसं वाऱ्याच्या उलट दिशेला न्यायची, गॅस खात्याला कळवायचं आणि लगेच आजूबाजूच्या इमारती रिकाम्या करायच्या. गॅस गटारांतून आणि केबलच्या डक्टमधून (केबल घालायच्या नळीतून) आत शिरतो. २०१३ मध्ये मिसुरीतल्या कॅन्सस सिटीत केबलसाठीच्या ड्रिलिंगमध्ये गॅसवाहिनी फुटली आणि साधारण तासाभरानं जवळच्या उपाहारगृहात स्फोट होऊन एकाचा जीव गेला. कोणाला फोन करायचा आणि इमारती रिकाम्या करायचा निर्णय कोणाचा, हे परवानगीच्या कागदावरच छापलेलं असावं. विजेची केबल लागली तर नियम वेगळा आहे: चालकानं मशीनवरून उतरायचं नाही, खालच्यांनी मशीनला हात लावायचा नाही. विजेचा इशारा देणारी यंत्रणा आणि तिची जमिनीत ठोकायची सळई बसवल्याशिवाय काम सुरू होऊ देऊ नका.

आता मड. आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी तपासणीही इथेच होते. कापलेली माती बाहेर आणणं, भोकाच्या भिंतीवर सायीसारखा थर धरणं, बिट आणि ट्रान्समीटर थंड ठेवणं, आणि पाइपला घसरायला मदत करणं ही मडची कामं. पाणी जड असेल तर आधी सोडा ॲश टाकून पीएच ८.५ ते ९.५ वर आणायचा, मग बेंटोनाइट ही पाण्यात फुलणारी माती, आणि पॉलिमर सर्वांत शेवटी. पॉलिमर आधी टाकलं तर ते बेंटोनाइटच्या कणांवर चढतं, बेंटोनाइट फुलत नाही आणि पोती वाया जातात. वाळूत बेंटोनाइट जास्त लागतं, कारण भिंत धरून ठेवायची असते. चिकणमातीत ते कमी लागतं, पण माती फुगू न देणारं पॉलिमर हवंच. नुसतं पाणी मारलं की चिकणमाती फुगून रीमरवर थापली जाते आणि रीमर पिचकारीच्या दट्ट्यासारखा पुढची सगळी माती दाबत येतो. तपासणी सोपी आहे. मार्श फनेल या मडचा दाटपणा मोजायच्या नरसाळ्यातून ९४६ मिलिलिटर साधं पाणी २६ सेकंदांत उतरतं. चिकणमातीसाठीचं मड ३५ ते ४५ सेकंद घेतं, वाळूसाठीचं ५० च्या वर. साइटवर फनेल आणि घड्याळच नसेल तर मड कोणी मोजलेलं नाही, हे उघड आहे.

आता मडचा हिशेब पाहू. ११० मिलिमीटरचे तीन पाइप एकत्र ओढायचे आहेत. भोक पाइपाच्या दीडपट करतात, म्हणून कोणीतरी ११० ची दीडपट, १६५ लिहून टाकतो. पण तीन पाइपांच्या जुडीचा बाहेरचा व्यास २३७ मिलिमीटर होतो आणि त्याची दीडपट ३५५. एवढ्या भोकात दर मीटरला साधारण १०० लिटर माती निघते. चिकणमातीत तिच्या निदान तिप्पट मड लागतं, म्हणजे मीटरला ३०० लिटर. पंप प्रत्यक्षात मिनिटाला १०० लिटर देत असेल, तर एका मीटरला ३ मिनिटं आणि ३ मीटरच्या रॉडला ९. साठ मीटरच्या रस्त्यासाठी ३ तास आणि १८,००० लिटर मड, रॉड काढण्याचा वेळ वेगळा. एकच रीमिंग ४० मिनिटांत आटोपलं असेल तर त्यात जेमतेम ४,००० लिटर मड गेलं, आणि बाहेर यायला हवी होती ती ६ घनमीटर माती बहुतांश आतच राहिली. ती बाजूला आणि वर दाबली गेली. रस्त्यावर लांब फुगवटा येतो तो असा. पुढे मोकळी झालेली माती बसते आणि चाकांखाली तिथेच चर पडतो. दोन्ही तक्रारी आपल्याच कार्यालयात येतात.

साइटवर ३,००० लिटरची एकच टाकी दिसली तर ती सहा वेळा भरली गेली का, विचारा. पाण्याच्या टँकरच्या आणि बेंटोनाइटच्या पावत्या बिलाला जोडायला सांगा. ६० मीटर चिकणमातीला एक टँकर पाणी लागल्याची पावती असेल तर पुढे फार काही विचारायची गरज नाही.

खोलीची एकच ठरावीक अटही इथेच अडते. अनुभवाचा नियम असा की वरची माती भोकाच्या व्यासाच्या निदान दहापट असावी. ३५५ च्या भोकाला साडेतीन मीटर. तिन्ही पाइप १.२ मीटरवर एकाच भोकात ओढायला परवानगी दिली तर रस्ता उचलला जाण्याची पुरेपूर शक्यता आहे, काम कितीही काळजीनं केलं तरी. तीन स्वतंत्र भोकं पाडली तर प्रत्येक १६५ मिलिमीटरचं होतं आणि १.६५ मीटर खोलीत निभावतं. तीनदा मशीन लावावं लागतं हे खरं, पण रस्ता पुन्हा करावा लागत नाही. मोठं भोक करायचंच असेल तर २००, २८० आणि ३५५ असं टप्प्याटप्प्यानं. आणि रस्त्यावर रंगाचे ठिपके मारून लेव्हल घ्या: कामाआधी, रीमिंगनंतर आणि महिन्याभरानं.

पंप चालू आहे आणि खड्ड्यात मड परत येत नाही, ही थांबण्याची खूण. पुढे रेटलं की मड जुन्या चराच्या सैल भरावातून, फुटपाथच्या फटीतून किंवा नाल्याच्या तळातून वर येतं. अशा वेळी पंप बंद करून रॉड मागे-पुढे खेळवत वाट मोकळी करतात. वर आलेलं मड वाळूच्या पोत्यांनी अडवून व्हॅक्यूम टँकरनं उचलायचं. पाण्याच्या झोतानं गटारात ढकललं तर बेंटोनाइट तिथे बसतं, आणि ओढ्यात गेलं तर माशांचे कल्ले भरतात आणि तळाचे जीव गाडले जातात. मड नेऊन टाकायची जागा परवानगीत नेमून द्या.

पाइप ओढताना मशीनची ताकद हाच धोका असतो. ११० मिलिमीटरच्या एसडीआर ११ (व्यास भिंतीच्या अकरापट) एचडीपीई प्लास्टिक पाइपची भिंत १० मिलिमीटर, म्हणून छेदाचं क्षेत्रफळ ३,१४० चौरस मिलिमीटरच्या आसपास. ताण ८ मेगापास्कलपर्यंत ठेवायचा म्हटलं तर तो २५ किलोन्यूटन, सुमारे अडीच टन ओढ सोसतो. १० टनांचं मशीन हा पाइप ताणून बारीक करू शकतं आणि चालकाला कळणारही नाही. ४० मिलिमीटरच्या डक्टची मर्यादा तर साधारण ३४० किलोच. चार डक्ट एकाच साखळीला बांधले तर जो सगळ्यात आखूड बांधला गेला तो सगळा भार घेतो. म्हणून प्रत्येक पाइपाला स्वतंत्र पकड आणि ठरलेल्या भाराला तुटणारा ब्रेकअवे स्विव्हेल सक्तीचा करा. ओढलेलं टोक दोन मीटर बाहेर काढून पाहा. ओरखडा भिंतीच्या दहा टक्क्यांहून खोल, म्हणजे इथे १ मिलिमीटरहून जास्त असेल तर पाइप नाकारा. ताणलेला पाइप हळूहळू आखडतो, म्हणून जोड निदान एक रात्र थांबून करा. डक्टमधून मँड्रेल (नळी चेपलेली नाही हे तपासायचा ठोकळा) पार गेला आणि ट्रेसर तारेची सलगता मीटरवर दिसली, की मगच मोजमाप घ्या.

वीज केबलवाल्यांसाठी एवढंच: केबल खोल गेली की तिची उष्णता बाहेर पडायला जास्त माती ओलांडावी लागते आणि प्रवाहाची क्षमता घटते. पाइपाभोवतीचं बेंटोनाइट सुकलं तर आणखी घटते. ३ किंवा ४ मीटरवर नेलेल्या केबलचा हिशेब १ मीटरच्या तक्त्यावरून करू नका, आणि एका फेजची सुटी केबल लोखंडी पाइपात एकटी कधीही घालू नका.

शेवटची बाब नोंदीची. प्रत्येक रॉडला एक ओळ: रॉड क्रमांक, अंतर, खोली, उताराचा टक्का, घड्याळाचा आकडा, रेषेपासून डावी-उजवीकडचं अंतर, मडचा दाब, वेळ. पाइप ओढताना प्रत्येक रॉडमागची ओढ. वेळेच्या रकान्यावरून रीमिंग तीन तास चाललं की ४० मिनिटं हे न विचारता कळतं, आणि मड खरंच गेलं का हेही. ही नोंद लोकेटरवाल्यानं त्याच दिवशी लिहावी आणि तिच्यावर आपल्या साइट अभियंत्याची सही असावी. आठवड्यानं कार्यालयात बसून काढलेल्या वक्राला खोलीची नोंद म्हणू नका. खोली रस्त्याच्या पृष्ठभागापासून तर लिहावीच, शिवाय जवळच्या पक्क्या बेंचमार्कपासूनही, म्हणजे रस्त्यावर नवा थर चढला तरी आकडा खरा राहील. प्रत त्या रस्त्यात वाहिन्या असलेल्या प्रत्येक खात्याला जावी: पाणी, गटार, गॅस, वीज, दूरसंचार. पुढच्या वेळी तिथे मशीन लावणाऱ्याला परवानगीसोबत हाच कागद हातात द्या.

आपले,
मशीनवर, लोकेटरमागे आणि मडच्या टाकीपाशी उभे राहणारे